आसिस्क्लोची चार नखं

आसिस्क्लोला चारचौघांसारखी दहा बोटं होती, पण त्यांतलं कामाचं एकच. उजव्या हाताची करंगळी. दारावरची बेल, दिव्याचं बटण, बँकेच्या यंत्रावरचे आकडे, कानातला मळ, ही सगळी खाती करंगळीकडे होती. उरलेली नऊ बोटं गिटारची. डाव्या हाताने तारा दाबायच्या म्हणून तिथली नखं मुळापर्यंत कापलेली, उजव्या हाताने तारा छेडायच्या म्हणून तिथली चार वाढवलेली. त्यामुळे त्याचा डावा हात एखाद्या प्रामाणिक सुताराचा वाटे आणि उजवा एखाद्या संस्थानिकाच्या विधवेचा.

या चार नखांशी फुएनसांताने एकतीस वर्षं संसार केला होता. आसिस्क्लो सोबत होताच.

नखांना काय चालत नाही, ते तिला पाठ होतं. डब्याची झाकणं चालत नाहीत. कुलूप चालत नाही. शर्टाचं वरचं बटण चालत नाही. भांडी हा शब्द नुसता कानावर पडला तरी आसिस्क्लो उजवा हात खिशात घाले. पोस्टात होता तेव्हा टपालावर शिक्का डाव्या हाताने मारायचा, आणि मे महिन्यात, कोर्दोबाच्या उन्हात डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस उजव्या हातात लोकरीचा मोजा घालून बस चालवणाऱ्याला पास दाखवायचा. लग्नात अंगठीसुद्धा त्याने डाव्या हाताने घातली. पाद्रीबाबा म्हणाले, "बाळा, उजव्या हाताला काय झालंय?" तर हा म्हणाला, "काही होऊ नये म्हणूनच."

रोज दुपारची झोप झाली की स्वयंपाकघरातलं टेबल नखांच्या ताब्यात जाई. मेणकापड पुसायचं (कोणी, ते सांगायला नको). मग चार नंबरचे चार पॉलिशपेपर ओळीने मांडायचे. शेवटचा इतका गुळगुळीत, की दुकानदाराने विचारलं होतं, "गाडीचा पत्रा घासायचाय का?" आसिस्क्लो म्हणाला होता, "त्याहून नाजूक काम आहे." घासून झालं की अंड्याच्या कपात कोमट ऑलिव्ह तेल, त्यात चारी बोटं दहा मिनिटं. घरात तळणाला दुसऱ्या नंबरचं तेल आणि नखांना पहिल्या घाण्याचं. आणि दर पंधरा दिवसांनी बिनरंगाच्या नेलपॉलिशच्या बाटलीत लसणाच्या दोन पाकळ्या बारीक चिरून टाकायच्या आणि ते लावायचं. लसणाने नख दगडासारखं होतं. नख दगडासारखं होई आणि घराला न शिजवलेल्या रात्रीच्या जेवणाचा वास येई.

फुएनसांता या सगळ्यावर रोज चिडायची. न चुकता, जेवणानंतरची गोळी घ्यावी तशी.

पण या मे महिन्यात एक गंमत झाली. त्या नखांची सगळ्यात जास्त काळजी तिलाच घ्यावी लागायला लागली.

झालं असं, की फ्लामेंको या तिथल्या गिटार-गाण्याच्या मंडळाने रविवारी दुपारी एक वाजता हौशी गायकांचा कार्यक्रम ठेवला, आणि फुएनसांताने अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यात नाव दिलं. मंडळाचे सेक्रेटरी देमेत्रियो यांनी यादीत ते नाव वाचलं आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही गाता?" तिला याचं उत्तर धड देता आलं नाही. तिचे वडील म्हणत, बाईने घरात गावं आणि घराने ते ऐकू नये. म्हणून ती आजवर फक्त अंगणात गायली होती, झाडांना पाणी घालताना. अंगणाच्या भिंतीवर बासष्ट कुंड्या. लांब वेताला पत्र्याचा डबा बांधायचा, नळाखाली भरायचा, उचलून वरच्या कुंडीत रिकामा करायचा, पुन्हा नळ. पाणी घालताना ती सोलेआ गाई. संथ, दुखऱ्या चालीचं ते गाणं. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून आसिस्क्लो वाजवी. याला संगीत म्हणतात हे एकतीस वर्षांत दोघांपैकी कोणी बोललं नव्हतं. पाणी घालणं म्हणत.

भानगड अशी, की डबा नळाखाली धरला की फुएनसांता थांबायची. डबा भरेपर्यंत गाणं उभं. आसिस्क्लो तेवढा वेळ एकच सूर हळूहळू घोळवत बसे आणि डबा उचलला की पुढे निघे. आता डबा हातात नसला तरी तिचा श्वास तिथेच थांबायचा, आणि तेवढाच. देमेत्रियोंनी तालमीत गिटारला आपला भाचा दिला होता, चांगला शिकलेला. त्याने तीन वेळा न थांबता त्या थांब्यात ट्रक घातला. तिची दुसरी ओळ संपायच्या आत त्याचं वाजवणं संपून तो पाणी पीत होता.

म्हणजे आसिस्क्लोशिवाय गाणं नाही, आणि नखांशिवाय आसिस्क्लो नाही.

"या आठवड्यात कशाला हात लावायचा नाही," तिने सोमवारीच बजावलं.

"मी कधी लावतो?"

"तसंच ठेव. लोणी मी लावेन. दार मी उघडेन. नाक शिंकरायचं असेल तर हाक मार."

एकतीस वर्षं ज्यांच्या नावाने खडे फोडले त्या नखांसाठी ती शुक्रवारी स्वतः लसूण चिरत बसली. चिरताना तिला स्वतःचाच इतका राग आला, की दोनऐवजी पाच पाकळ्या झाल्या.

रविवारी सकाळी दहा वाजता ती खोलीत बसून मधाचं पाणी पीत होती. घशाला आराम म्हणून तोंड बंद. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज आला. तिला वाटलं, नळ गळतोय. मग कपबशीचा आवाज आला. तिला वाटलं, चोर आलाय, आणि त्याला चहाकॉफीची भांडी हवी आहेत. मग आसिस्क्लोची शीळ आली.

ती धावली. आसिस्क्लो मोरीपाशी उभा होता. हातांत तिचे पिवळे रबरी हातमोजे. शेजारी दोन कप, दोन बश्या, चमचा. स्वच्छ.

"सरप्राइज," तो म्हणाला. "म्हटलं, आज तुझा दिवस आहे."

"काढ ते."

"काळजी करू नकोस, मोजे घालून केलंय. नखाला थेंबभर पाणी..." असं म्हणत त्याने उजवा मोजा ओढला. मोजा ओला होता. मोजा निघेना. त्याने जोरात ओढला. कट् असा आवाज झाला, भेंडी मोडावी तसा, आणि मोजा निघाला.

दोघांनी हाताकडे पाहिलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट ठीक. अनामिकेचं नख नव्हतं. फुएनसांताने मोजा उलटा केला. नख चौथ्या बोटात, अगदी टोकाला, सुखाने पडलं होतं.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली. घसा वापरायचा नव्हता म्हणून कुजबुजली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "एकतीस वर्षं हे मोजे घालून मी भांडी घासतेय. या मोज्यात कधी नख सापडलं नाही. आणि तुला आजच संसार करायचा होता?"

"मदत करत होतो गं."

"कोणाला?"

तो कामाला लागला. नख मोडलं तर ते परत चिकटवायचं, नाहीतर पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून लावायचा, हे त्या भागातल्या प्रत्येक गिटारवाल्याला येतं. चेंडू ड्रॉवरमध्ये होता. कात्री होती. ट्यूबमधला झटपट गोंद मात्र नव्हता. ट्यूब होती, पण पिळून चपटी झालेली.

"गोंद कुठे गेला?"

फुएनसांताने फडताळाकडे बोट केलं. तिथे देवदूत संत राफाएलची मूर्ती होती. गेल्या महिन्यात झाडताना तिचा पंख तुटला होता. आता तो इतका पक्का होता, की मूर्ती पंखाला धरून उचलता आली असती.

आसिस्क्लो मूर्तीजवळ गेला आणि पंख बारकाईने बघू लागला. "थोडा जास्तच लागलाय इथे. काठाने जर खरवडला..."

"आसिस्क्लो."

"नुसतं म्हणतोय."

"चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"नोएलियाकडे."

आसिस्क्लो दोन पावलं मागे सरकला. नोएलिया समोरच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर बायकांची नखं करायची. प्लास्टिकची, पावडर कालवून, वरून निळा दिवा. मंडळातली तरुण पोरं हल्ली गुपचूप तिच्याकडून नखं करून घेत. आसिस्क्लो अशा पोरांशी बोलत नसे.

"प्लास्टिकचा आवाज प्लास्टिकच येतो," तो म्हणाला.

"आणि नख नसल्याचा कसा येतो?"

दोघं जिना चढले. बेल आसिस्क्लोने करंगळीने वाजवली.

रविवार मे महिन्यातला, म्हणजे मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा, चर्चमध्ये मुलांनी पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा. नोएलियाच्या बैठकीत पाच बायका रांगेत, साऱ्यांना बाराच्या आत चर्चला पोचायचं. केसांना जाळ्या, पायांत घरच्या सपाता, अंगात चांगले कपडे. सगळ्यात पुढे सोकोरोबाई, नवरदेवासारख्या नटलेल्या नातवाची आजी. सगळ्यांनी आधी आसिस्क्लोकडे पाहिलं, मग फुएनसांताकडे, मग आसिस्क्लोच्या हाताकडे, आणि हातावरून नजर काही निघेना.

"अगं बाई," सोकोरो म्हणाली. "बघू, बघू. अगं, ही बघा काय नखं आहेत! ही खरी आहेत?"

"तीन खरी आहेत," फुएनसांता म्हणाली. "चौथ्यासाठी आलोय. एक वाजता कार्यक्रम आहे माझा, नोएलिया, तेवढं जरा आधी..."

तिचं कोणी ऐकत नव्हतं. आसिस्क्लोचा हात एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होता.

"माझ्या नवऱ्याची नखं बघाल तर नांगर आठवेल."

"काका, कोणाकडे करता?"

"घरीच," आसिस्क्लो म्हणाला, आणि फुएनसांताला कळलं की झालं, आता हा बसणार. तो बसला. "हे बघा, कात्री, नेलकटर, काही नाही. नख कापायचं नसतं, घासायचं असतं. आणि एकाच दिशेने. करवत चालवल्यासारखं घासलं की पापुद्रे सुटतात."

"एकाच दिशेने," सोकोरोने कम्युनियनच्या पत्रिकेमागे लिहून घेतलं. "कडेकडून की मधून?"

"कडेकडून मध्यावर. मग कोमट तेल. अंड्याच्या कपात."

"उकडलेल्या की कच्च्या?" मागून कोणीतरी विचारलं.

"अंडं काढून."

नोएलियासुद्धा ब्रश हातात धरून ऐकत होती. समोरच्या बाईचा अंगठा निळ्या दिव्याखाली भाजत होता. फुएनसांताने घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. लसणाला सुरुवात झाली. अकरा. चिरायचा की ठेचायचा यावर मतभेद झाले. अकरा दहा. या माणसाने एकतीस वर्षांत आपल्याला एक अख्खं वाक्य सलग ऐकवलं नव्हतं, असं तिला वाटलं, आणि घसा राखायचा म्हणून तिने ते मनातच मोठ्याने म्हटलं.

"आणि सगळ्यात मुख्य," आसिस्क्लो म्हणाला, "भांडी घासायची नाहीत."

पेन थांबलं. "म्हणजे, कधी?"

"कधीच."

पाच बायकांनी एकदम माना वळवल्या आणि फुएनसांताच्या हातांकडे पाहिलं. तिने ते पर्सखाली घेतले, पण उशीर झाला होता. ब्लीचने पांढरी पडलेली बोटं, वीतभर खोल भेगा असाव्यात तशी त्यांची टोकं, आणि नखं म्हणावीत असं फारसं काही नाही. आसिस्क्लोनेही पाहिलं. तो जरा जास्त वेळ पाहत राहिला, नवीन बातमी वाचावी तसा.

सोकोरोने पत्रिकेची घडी घातली. "नोएलिया, याला आधी घे गं. माझा नंबर दे."

"फार उपकार झाले," आसिस्क्लो म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही रे. हिच्यासाठी. तू तोंड बंद कर आणि हात दे."

नोएलियाने बोट धरलं. "तेल लावलंय का आज? तेलावर हे धरत नाही."

"नाही," आसिस्क्लो म्हणाला. त्याने सकाळी आठ वाजता दहाऐवजी वीस मिनिटं लावलं होतं, कार्यक्रम होता म्हणून. पण एवढ्या बायकांसमोर चुकीचं ठरण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं होतं.

पावडर कालवली, नख घडवलं, दिव्याखाली वाळवलं, घासलं. नख झकास झालं. फक्त नोएलियाने सकाळपासून कम्युनियनची सात जणींची नखं केली होती, आणि हात सवयीने चालला. अनामिकेवर एक छोटं पांढरं फूल उमटलं, मध्ये पिवळा ठिपका.

"अय्या," ती म्हणाली. "पुसू?"

"नको," फुएनसांता म्हणाली. बारा वाजायला आले होते. अजून केसांत कंगवा घालायचा होता.

एकला पाच मिनिटं असताना देमेत्रियो मंडळाच्या दारातच उभे होते. "वहिनी, आलात! म्हटलं आता बेनितो खाटकाला चढवावं लागतं. त्याला दहाच मिनिटांचं गाणं येतं, पण ते पाऊण तास चालतं."

साठ-सत्तर माणसं. टेबलांवर वाइन, शिजवलेल्या गोगलगाईंच्या वाट्या. फुएनसांता खुर्चीवर बसली. हातात वेत नाही, डबा नाही, नळ नाही. हातांचं काय करायचं तेच कळेना. तिने ते मांडीवर पालथे ठेवले. मग सकाळच्या पाच बायका आठवल्या, म्हणून उताणे ठेवले. आसिस्क्लोने सुरुवात केली. नखाचा आवाज खरंच किंचित प्लास्टिकचा होता, पण ते फक्त दोघांनाच कळत होतं.

पहिली ओळ गेली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, की आवाज कुंड्यांपर्यंत जाऊन परत येत नाही, तो पुढे जातोय आणि माणसं तो ठेवून घेतायत. दुसरी ओळ गेली. कोणीतरी "शाबास बाई" म्हणालं. मग तो थांबा आला. डबा नळाखाली. तिने श्वास थांबवला. आसिस्क्लोने नेहमीचा सूर घोळवायला घेतला, आणि टप्.

अनामिकेचं नख उडालं. हवेत त्याचं पांढरं फूल एकदा चमकलं आणि ते पहिल्या टेबलावर कुठेतरी पडलं. गिटार थांबली.

फुएनसांताला काही दिसलं नाही, ती डोळे मिटून होती. तिला फक्त कळलं, की सूर नाही. तिने वाट पाहिली. डबा भरला. सूर नाही. डबा वाहू लागला. सूर नाही. हा मूर्ख माणूस, तिच्या मनात आलं, अठ्ठावन्न वर्षांत एकदा, फक्त एकदा... आणि तो राग कुठे ठेवावा ते न कळून तिने तोंड उघडलं.

पुढचं गाणं गिटारशिवायच झालं. विहिरीचं पाणी खोल गेल्याचं आणि दोर तोकडा पडल्याचं ते गाणं तिने आजवर हजारदा म्हटलं होतं, पण दरवेळी हातात बादलीभर काम होतं. आता फक्त दोर होता. शेवटचा स्वर तिने सोडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा उभा राहिला आणि रडू लागला.

तो म्हातारा डोळे पुसत व्यासपीठापाशी आला. फुएनसांता उठली. त्याने तिला ओलांडून आसिस्क्लोचा हात हातात घेतला.

"काय थांबलास!" तो म्हणाला. "चाळीस वर्षं गिटार ऐकतोय. योग्य जागी थांबणारा माणूस आज पाहिला."

"हिंमत लागते," देमेत्रियो म्हणाले. "माझा भाचा जन्मात थांबला नसता. आणि वहिनी, तुम्हीही छान हं." त्यांनी वाइनचा घोट घेतला, घोट तोंडातच थांबवला आणि जिभेवरून एक नख काढलं. फुलाचं. मग सभ्य माणसासारखं त्यांनी ते खिशात घातलं.

घरी स्वयंपाकघरात आल्यावर फुएनसांता म्हणाली, "तीन नखं होती ना अजून?"

"होती."

"तीन बोटांनी वाजवता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

आसिस्क्लोने मोज्यातलं सकाळचं नख उचललं, पाहिलं, खाली ठेवलं. "आधी घाबरलो. मग म्हटलं, डबा भरतोय, भरू दे. मग बघतो तर तू नळच बंद केलास. मी कशाला मध्ये बोलू?"

यावर तिला चांगलं काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं ते, "मग त्या म्हाताऱ्याला का नाही सांगितलंस की नख उडालं म्हणून?"

"तो रडत होता गं."

"माझ्यामुळे रडत होता!"

"ते मी त्याला कसं सांगणार?"

तिने डोकं धरलं. मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "टेबल पूस."

"मी?"

"नख यायला तीन महिने लागतील. तोवर तुला कामं आहेत. पूस. आणि ते कागद काढ. चारही."

त्याने पुसलं. वाईट पुसलं, पण पुसलं. मग चार कागद ओळीने मांडले आणि तिचा डावा हात हातात घेतला. एकाच दिशेने, कडेकडून मध्यावर. घासायला फारसं काही नव्हतं, तरी त्याने प्रत्येक बोटाला तेवढाच वेळ दिला जेवढा स्वतःच्या बोटांना द्यायचा. तेल पहिल्या घाण्याचं काढलं. शेवटी लसणाची बाटली, पाच पाकळ्यांची.

"हलू नकोस," तो म्हणाला. "वाळायला अर्धा तास."

"भूक लागलीय. ऑलिव्हची बरणी उघड."

आसिस्क्लोने बरणीकडे पाहिलं. मग हाताकडे. "तीन शिल्लक आहेत, फुएनसांता. तीनच."

"आणि माझी दहा ओली आहेत."

बरणी दोघांच्या मध्ये होती. दोघं तिच्याकडे बघत बसले. पाच मिनिटांनी दोघं उठले, फुएनसांताने बरणी दोन्ही कोपरांत दाबून धरली आणि ती उघडून घ्यायला दोघं समोर नोएलियाकडे गेले. दारापाशी आसिस्क्लोने करंगळी पुढे केली.

"थांब," ती म्हणाली, आणि बेल स्वतःच्या करंगळीने वाजवली. जपून.